तीन नंबरवरचा पंखा

माणसाचं ऐकून घ्यायलाही शिक्षण लागतं, ही गोष्ट धाकटीच्या आईला काही केल्या पटत नव्हती. "कान काय विकत आणायचे असतात का? जन्मताच मिळतात. त्यासाठी तीन वर्षं वर्गात जाऊन बसायची काय गरज?" असं ती म्हणायची आणि शिलाई मशीनवर पाय ठेवून खडखड सुरू करायची. म्हणजे विषय संपला.

धाकटी ही फक्त घरातली धाकटी. तशी चांगली चौतिशीची. थोरला भाऊ दुसऱ्या शहरात, दर रविवारी फोन करून "सगळं ठीक ना?" विचारणारा आणि उत्तर यायच्या आत "बरं, ठेवतो" म्हणणारा. वडील जाऊन चार वर्षं झालेली. घरात उरल्या दोघी, एक शिवणारी आणि एक शिकणारी.

शिकायला लागण्याआधी धाकटीनं अकरा वर्षं टेलिफोन कंपनीच्या तक्रार विभागात काढली होती. कानाला यंत्र लावायचं, समोरच्यानं शिव्या घातल्या की गोड आवाजात म्हणायचं, "आपली गैरसोय मी समजू शकते." कोणाची कसली गैरसोय, हिला कप्पाळ समजत होतं! पण एके दिवशी एक म्हातारा फोनवर बिलाची तक्रार करता करता रडायला लागला. बिल बरोबरच होतं. त्याची बायको गेली होती आणि फोन तिच्या नावावर होता. नियम होता चार मिनिटांचा, धाकटी चाळीस मिनिटं ऐकत बसली. साहेबांनी झापलं. तिनं त्याच महिन्यात राजीनामा दिला आणि मानसोपचाराच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं.

आता ती शेवटच्या वर्षाला होती, आणि आठवड्यातून चार दिवस एका केंद्रात काम शिकत होती. केंद्र म्हणजे नाव मोठं. चष्म्याच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर, पूर्वी कुठल्याशा चपलांच्या कंपनीचं गोदाम होतं, तिथे प्लायवूडच्या भिंती घालून तीन खोल्या पाडलेल्या. भिंतींवर अजून जोड्यांच्या मापांचे आकडे होते. सहा, सात, आठ. सात नंबरखालच्या खुर्चीत बसून लोक आपली दुःखं सांगायचे.

केंद्र चालवणाऱ्या मॅडम मोठ्या खमक्या. त्या शिकाऊ मंडळींना पहिल्याच दिवशी सांगायच्या, "माणूस एकटा आजारी पडत नाही. त्याचं घर, त्याची नोकरी, त्याचा जिना, त्याचा शेजार, सगळं त्याच्याबरोबर थोडं थोडं आजारी असतं. नुसतं डोकं तपासून काय होणार?" आणि खरंच तसं चालायचं. एका पहारेकऱ्याला झोप येत नव्हती. बाहेर त्याला गोळ्या देऊन झाल्या होत्या. मॅडमनी विचारलं, झोपता कुठे? तर पाच जणांच्या खोलीत, आळीपाळीनं, एकाच पलंगावर. मॅडमनी मग गोळीचं नावही काढलं नाही, त्याच्या मालकाला पत्र लिहिलं आणि पाळी बदलून घेतली. गडी घोरायला लागला!

या सगळ्यासाठी एक कागद असायचा. त्यावर मोठं वर्तुळ, त्याचे आठ भाग. झोप, शरीर, काम, घर, माणसं, आनंद, दुःख, आशा. माणूस बोलत जाईल तसतसा एकेक भाग भरायचा. घाई करायची नाही, आपल्या मनचं घालायचं नाही.

आणि एक पंखा होता. टेबलफॅन, जुना, जाळी वाकलेला. प्लायवूडच्या भिंतीतून आतलं बोलणं जसंच्या तसं बाहेर यायचं, म्हणून दारासमोर हा पंखा ठेवलेला. उकाडा असो की थंडी, आत कोणी बसलं की बाहेरच्या माणसानं पंखा लावायचाच. एक नंबरवर शब्द कळायचे, दोनवर नुसते आवाज, तीनवर काही नाही. बाहेर बसून पंखा सांभाळायचं काम शिकाऊ माणसाचं. धाकटीचा त्यात हात धरणारं कोणी नव्हतं. आतलं दार लागायचा अवकाश, हिनं बटण फिरवलंच म्हणून समजा.

पण म्हणतात ना, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. घरी मात्र वेगळीच तऱ्हा.

धाकटीच्या लहानपणी आई फार बोलायची. शिवता शिवता गिऱ्हाइकांच्या नकला करायची. ही बाई पोट आत ओढून माप देते आणि मग ब्लाउज घट्ट झाला म्हणून भांडते, तो मास्तर दर वर्षी तीच पँट उलटून शिवून मागतो. धाकटी मशीनखाली, पायडलजवळ बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची आणि खिदळायची. मग वडील अंथरुणाला खिळले. तीन वर्षं आईनं त्यांचं सगळं केलं. त्या तीन वर्षांत तिचं बोलणं कमी कमी होत गेलं, आणि ते गेल्यावर जे बंद झालं ते झालंच. भाजी आण. दार लाव. जेवलीस का? एवढ्यावर घर चालायचं. धाकटीला त्या जुन्या आवाजाची इतकी आठवण यायची, की कधी कधी बसमध्ये कोणी बाई आपल्या पोरीशी बडबडत असली तर ही आपला थांबा सोडून पुढे जायची.

बरं, प्रयत्न कमी केले नाहीत बाईनं. वर्गात शिकलेलं सगळं आईवर करून पाहिलं. समोरचा बोलला की त्याचंच म्हणणं त्याला परत ऐकवायचं, म्हणजे त्याला मोकळं वाटतं, असं शिकवलेलं. आई म्हणाली, "आज पाठ दुखतेय."

"म्हणजे तुला आज पाठीत दुखतंय असं वाटतंय," धाकटी म्हणाली.

"तेच म्हणाले ना मी? बहिरी झालीस का?"

"तुला माझा राग आलाय."

"नव्हता आला. आता येतोय."

आणि खडखड सुरू.

शेवटच्या वर्षी एक मोठा अभ्यास लिहून द्यायचा होता. एका माणसाचं आख्खं आयुष्य, वर्तुळाच्या आठही भागांसकट. ज्याच्यावर लिहायचं त्याची परवानगी घ्यायची आणि तो ओळखीचा नसावा, हे दोन नियम. धाकटीकडे येणारी दोन माणसं मध्येच यायची बंद झाली, तारीख डोक्यावर आली, आणि तिनं जे करू नये ते केलं. आईवर लिहिलं. वय बासष्टचं चौसष्ट केलं, शिवणकामाचं विणकाम केलं. झालं, कोण ओळखतंय!

तारखेचं सगळं निमित्त हो. खरं म्हणजे तिला आईवरच लिहायचं होतं. चार वर्षं आई समोर बसून बोलत नव्हती, निदान कागदावर तरी तिला समोर बसवावं. तीन रात्रींचं काम तिनं सुट्टीच्या दोन दुपारींत उरकलं, आणि लिहिताना तिला इतकं बरं वाटत होतं की विचारू नका. आठ भाग भराभर भरले. 'माणसं' या भागात लिहिलं: मैत्रीण कोणी नाही, बहुधा कधीच नव्हती. 'आशा' या भागात लिहिलं: स्वतःसाठी काही नाही, मुलांचं बरं व्हावं एवढीच. विचारायचं कशाला? आपलीच तर आई.

कागद पिशवीत घातले. पिशवीचा बंद तुटायला आलेला होता. सकाळी आईनं तो पाहिला आणि शिवायला म्हणून पिशवी रिकामी केली.

धाकटी अंघोळ करून आली तेव्हा बंद दुहेरी टाक्यानं शिवून तयार, कागद क्रमानं आत ठेवलेले. आई मशीनवर. "जेवण घेतलंस का?" एवढंच म्हणाली. धाकटीला कसलाच संशय आला नाही.

केंद्रात मॅडमनी कागद चाळले आणि वर्तुळाच्या पानावर थांबल्या. "या फुल्या कोणी मारल्या?"

'माणसं'वर एक फुली होती, 'आशा'वर एक. निळ्या खडूच्या, शिंपी कापडावर मारतात तशा. ती फुली धाकटीनं आयुष्यभर पाहिली होती. हाताखालच्या पोरींनी शिवण चुकवली की आई त्या जागी खडूची फुली मारून कपडा परत द्यायची. फुली म्हणजे, इथे चुकलंय, उसव.

"मॅडम, ही माझी आई आहे," ती म्हणाली. खोटं बोलायची सोयच उरली नव्हती.

मॅडम ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "परवानगी?"

"नाही घेतली."

"ज्या बाईचा तुम्ही अभ्यास केलात, तिनंच तुम्हाला दोन ठिकाणी नापास केलंय. मी आणखी वेगळं काय करू?" त्यांनी कागद परत दिले. "सहा महिने वाढले. नवीन माणूस, नवीन अभ्यास. आणि हे फाडायचं की तिच्या हातात द्यायचं, ते तिला विचारा. कागद तिचा आहे."

सहा महिन्यांचं दुःख धाकटीला झालं, नाही असं नाही. पण घरी जाताना तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. 'मैत्रीण कोणी नाही' यावर फुली. म्हणजे होती! आईला मैत्रीण होती, आणि आपल्याला ती कोण हे माहीत नाही. आणि आशा? बासष्टाव्या वर्षी, चार भिंतींत, मशीनपुढे बसून आईला कसली आशा असेल? जिला आपण आतून-बाहेरून ओळखतो असं समजत होतो, तिच्या आत आख्खी एक खोली होती आणि आपण तिच्या दारातही कधी उभे राहिलो नव्हतो.

तिनं घरात पाऊल टाकताच आईची माफी मागितली. मनापासून मागितली, रडली. आई दोरा ओवत होती.

"शिवण चुकली होती. खूण केली. त्यात काय एवढं?"

"मग बरोबर काय ते सांग ना, आई. मी ऐकतेय."

आईनं सुई खाली ठेवली आणि तिच्याकडे पाहिलं. "तू ऐकतेस कुठं? तू लिहितेस."

आणि मशीनची खडखड सुरू झाली. कागद धाकटीनं आईच्या मशीनच्या खणात ठेवून दिले. त्यांचं पुढे काय झालं हे तिनं विचारलं नाही.

मग महिनाभर तिची नुसती तगमग. जुने फोटो काढून पाहिले. कुठल्याशा लग्नात आईशेजारी एक उंच बाई हसत उभी, ही असेल का? दोऱ्याची रिळं आणायला आई दर वेळी तासभर का लावते? विचारायची सोय नाही, कारण कानाला खडा लावलेला. आता वर्गातलं एकही वाक्य घरात वापरायचं नाही, असं ठरवलं तिनं. आणि ती वाक्यं काढून टाकल्यावर लक्षात आलं, की आईशी बोलायला आपल्याकडे दुसरी वाक्यं शिल्लकच नाहीत. भाजी आण. दार लाव. ती कुणावर गेली होती ते उघडच होतं.

एका बुधवारी, चारच्या सुमाराला, धाकटी केंद्रात बाहेरच्या टेबलाशी बसली होती. जिन्यावर धापा टाकल्याचा आवाज आला. पाहते तर आई! बाहेर जायचे चांगले कपडे, हातात पर्स, कपाळावर घाम.

"आई? काय झालं? बरं वाटत नाही का?"

"तीन मजले चढून कोणाला बरं वाटेल?" आईनं खुर्चीत बसून श्वास घेतला. "मला बोलायचंय."

धाकटी ताडकन उठली. चार वर्षं ज्या शब्दासाठी कानांत प्राण आणून बसली होती, तो शब्द. "बोल ना, आई! थांब, आत बसू, मी पाणी—"

"तुझ्याशी नाही."

धाकटी उभीच राहिली.

"इथे अनोळखी माणूस मिळतो ना, ऐकणारा? ज्याला मी कोणाची आई ते ठाऊक नसतं? तो हवाय."

मिळत होता. बुधवारी एक काका यायचे. चाळीस वर्षं इस्पितळात रुग्णांची सेवा केलेले, आता सत्तरीचे, सगळे त्यांना बुधवारचे काका म्हणायचे. घरच्या माणसाला आपण तपासायचं नाही हा तर नियमच, तेव्हा हेच बरोबर होतं. अगदी बरोबर! पण बरोबर असलेल्या गोष्टीनं जीव दुखत नाही असं कोणी सांगितलंय?

तिनं अर्ज पुढे ओढला. "नाव?"

"का, विसरलीस?"

"वय?"

"तुझ्या कागदावर चौसष्ट होतं. दोन उसव."

धाकटीला हसू आलं आणि रडूही. "कशासाठी आलात?" हा अर्जावरचा प्रश्न तिनं खाली मान घालून वाचला.

"ते आत सांगेन," आई म्हणाली, आणि उठून पर्स सावरत सात नंबरच्या खुर्चीकडे गेली. काकांनी दार लावलं, आणि लावता लावता नेहमीसारखं म्हणाले, "ताई, पंखा."

धाकटीचा हात बटणावर गेला आणि तिथेच राहिला. मजल्यावर दुसरं कोणी नव्हतं. एक नंबरवर ठेवला असता तर? पंखा तर चालूच दिसला असता. कोणाला कळणार होतं? आत खुर्ची सरकली. मग आईचा आवाज आला, स्वच्छ, मोठा, मशीनखाली बसून ऐकलेला तोच.

"एक होती—"

दोन शब्द. धाकटीचे डोळे भरून आले. पुढचा शब्द यायच्या आत तिनं बटण फिरवलं. एक, दोन, तीन. पंखा घरघरला, टेबलावरचे अर्ज उडाले, तिनं दोन्ही हातांनी ते दाबून धरले. आईनं विश्वास ठेवलाय या दारावर. एकदा न विचारता तिच्यात शिरलो तेवढं पुरे झालं.

पन्नास मिनिटं ती तशीच बसली. मध्ये एकदा पंख्यावरूनही ऐकू आलं, आई हसली. शब्द नाही, नुसतं हसणं. कोणाची तरी नक्कल करत असणार. धाकटीनं पंख्याकडे पाहिलं, त्याला चौथा नंबर नव्हता.

आई बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल होतं. "पुढच्या बुधवारी, चार वाजता," काका म्हणाले. धाकटीनं वहीत लिहिलं. काही विचारलं नाही. तिची सुटी झाली, दोघी जिना उतरल्या आणि फुटपाथवरून घरी निघाल्या. चष्म्याच्या दुकानात कोणीतरी आरशापुढे चेहरे करून पाहत होतं. कोपऱ्यावर किल्ल्या करणारा कानस घासत बसला होता.

"बाहेर ऐकू येतं का गं काही?" आईनं विचारलं.

"नाही, आई. अजिबात नाही." धाकटी अभिमानानं म्हणाली. "तू अगदी निर्धास्त बोल. पहिले दोन शब्द आले कानावर, तेही पंखा लावायच्या आधीचे. मग तीनवर ठेवला. चकार शब्द नाही आला."

आई चालता चालता थांबली. "चकार शब्द नाही?"

"नाही."

"आणि मी इतकी घसा फोडून बोलत होते ती!" आई किल्लीवाल्याकडे बघत म्हणाली. "ते काका दोनदा म्हणाले, बाई, हळू बोला, मला ऐकू येतंय. त्यांना कोण ऐकवत होतं? मी मुद्दाम मोठ्यानं बोलत होते."

धाकटी भर फुटपाथवर उभी राहिली. तिला काय वाटलं ते सांगायला वर्गात एकही शब्द शिकवला नव्हता. चार वर्षांची वाट आणि एक प्लायवूडची भिंत, आणि बटण आपल्याच हातानं फिरवलेलं. ती लहान पोरीसारखी आईच्या हाताला लोंबकळली. "आई, आत्ता सांग ना. मी काही लिहिणार नाही. सांग ना गं."

आईनं पर्समधून रुमाल काढून तिचे डोळे पुसले, मग तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. तोंड उघडलं. मिटलं.

"जेवलीस का दुपारी?" ती म्हणाली, आणि तिची तिलाच चीड आली. "बघ! हे असं होतं. तुझं तोंड बघितलं की हेच बाहेर येतं, दुसरं येतच नाही. बाप गेल्यापासून असंच झालंय. म्हटलं, दाराआडून तरी जमेल."

दोघी पुन्हा चालू लागल्या. आईनं तिचा हात सोडला नाही.

"आई," धाकटी शेवटी म्हणाली, "तो नियम आहे. पुढच्या बुधवारीही पंखा लावावाच लागेल मला. तीनवर."

"लाव की," आई म्हणाली. "मी आणखी मोठ्यानं बोलेन."